नाथान राजाला ‘तू’ का म्हणाला?

लाडक्या बाळा,

तू विचारलंस: घरात आजोबांना ‘अहो-जाहो’ करायला लावता, मग मराठी बायबलात नाथान संदेष्टा दावीद राजाला सरळ ‘तो मनुष्य तूच आहेस’ म्हणतो, ते कसं चालतं?

आधी भाषेचं बघू. तुला हिब्रू येतंच. एका पुरुषाशी बोलताना फक्त ‘अत्ता’, मग समोर राजा असो की मेंढपाळ. मूळ वाक्य दोनच शब्दांचं आहे, ‘अत्ता हाईश’. मराठीत मात्र तू की तुम्ही हे ठरवावंच लागतं, आणि मला ‘तू’च बरोबर वाटतं. आईला, आजीला, देवालाही आपण ‘तू’च म्हणतो.

राजाचा मान नाथानने कसा राखला, ते शमुवेलच्या दुसऱ्या पुस्तकात, १२व्या अध्यायात आहे. दावीदने आपल्याच सैन्यातल्या उरियाच्या बायकोला, बथशेबाला, वाड्यावर आणवलं आणि उरियाला लढाईत मारवलं. तो हुकूम ज्या पत्रात होता, ते पत्र उरियाच्याच हाती पाठवलं होतं! नाथान याची बोंब मारत फिरला नाही, राजापुढे गेला. राजा न्यायनिवाडा करायचा, म्हणून त्याच्यापुढे एक प्रकरण मांडलं. श्रीमंताकडे पुष्कळ गुरंमेंढरं, गरिबाकडे विकत घेऊन वाढवलेली एकच कोकरी. ती त्याच्या घासातलं खायची, त्याच्या पेल्यातलं प्यायची, कुशीत निजायची. श्रीमंताकडे पाहुणा आला आणि त्याने गरिबाची कोकरी कापली. दावीद भडकला: चौपट भरून दे! तोराहमधला, म्हणजे मोशेच्या पाच पुस्तकांतला, दरही हाच आहे, चोरलेल्या मेंढरामागे चार, बैलामागे पाच. निकाल राजाच्या तोंडून पडल्यावरच नाथानने ते दोन शब्द उच्चारले. आधीच बोलला असता तर दावीदने न्याय सोडून स्वतःची वकिली केली असती. दावीदचं उत्तरही दोनच शब्दांचं आहे: ‘खाताती लादोनाय’, मी देवाचा अपराध केला. शिक्षा तरीही टळली नाही.

मलिद्याच्या विधीच्या वेळी आपण ज्याचं नाव घेतो, त्या एलियाहू हन्नबीने, म्हणजे एलिया संदेष्ट्याने, गोष्टबिष्ट सांगितली नाही. नाबोथने अहाब राजाला आपला द्राक्षमळा विकला नाही, कारण ते वाडवडिलांचं वतन होतं. राणी ईजबेलने अहाबच्या शिक्क्याची पत्रं धाडली आणि दोन खोटे साक्षीदार उभे केले. कायद्याला दोन साक्षी लागतात, त्या भरल्या, आणि नाबोथला दगडांनी ठेचून मारलं. अहाब मळ्याचा ताबा घ्यायला पोचला होता, तिथेच एलियाहूने गाठलं. तीन शब्द: ‘हरात्सख्ता वगाम याराश्ता?’ खून केलास, वर वतनही घेतलंस?

आपल्या लोकांवरही, म्हणजे महाराष्ट्रातून आलेल्या बेने इस्रायली ज्यूंवरही, सत्तेला जाब विचारायची वेळ आली. इथल्या, इस्रायलच्या, रब्बिनेटने (मुख्य धर्मगुरूंच्या संस्थेने) लग्नाआधी बेने इस्रायलींच्या मागच्या पिढ्या तपासायचा नियम काढला, तेव्हा १९६४ साली आपली माणसं जेरुसलेममध्ये धरणं धरून बसली. क्नेसेतला, म्हणजे संसदेला, ठराव करावा लागला आणि नियमातून आपलं नाव निघालं.

आजोबांचं काही चुकलं असं वाटलं, तर चारचौघांत बोलू नकोस. त्यांच्या खोलीत जा. ‘तुम्ही’च म्हण. ‘आजोबा, हेच मी केलं असतं तर तुम्ही काय म्हणाला असता?’ एवढं विचार, आणि त्यांचं उत्तर येईपर्यंत मधे बोलू नकोस.

तुझी आई