समिती राहू द्या, आधी कॅलेंडर काढा

गोव्याच्या फोंडा तालुक्यातल्या एका वाड्यावरून पत्र आले आहे. त्यातला कामाचा भाग असा:

"वकीलबाई, आमच्या वाड्यावर ४१ घरे आहेत. वरच्या अंगाला व्हाळाकाठी सखल शेतजमीन आहे. डिसेंबरच्या शेवटी जेसीबीने तिथले रान साफ केले. ६ जानेवारीपासून ट्रकांनी माती, फुटक्या लाद्या आणि काँक्रीट आणून ओतले. मार्चमध्ये व्हाळाच्या पात्रात चिऱ्यांची भिंत घातली. यंदा जूनमध्ये नऊ घरांत पाणी शिरले आणि दोन विहिरींच्या पाण्याला वास येऊ लागला. आम्ही वाड्याची समिती केली आणि एप्रिलमध्ये ५८ सह्यांचे निवेदन सरपंचांच्या घरी नेऊन दिले. ते 'बघूया' म्हणाले. आता कोर्टात जायचे तर समितीची नोंदणी आधी करावी लागेल का? अध्यक्ष कोण यावर थोडा मतभेद आहे."

या धर्तीची पत्रे पेडण्यापासून काणकोणपर्यंत कुठूनही येतात. कधी भरावाच्या जागी रात्रीचे स्पीकर असतात, कधी सेप्टिक टँक. शेवटचा प्रश्न मात्र ठरलेला, समिती नोंदवायची का? व्हाळात भिंत घालणे बरे की वाईट, हे तुम्हालाही ठाऊक आहे आणि ती घालणाऱ्यालाही. त्यावर शाई खर्च करत नाही.

नोंदणीचे उत्तर एका ओळीचे आहे. नको. निदान आत्ता तरी नको. १८६० च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली सात माणसे लागतात, घटना लिहावी लागते, पदाधिकारी ठरवावे लागतात. तुमचे घोडे तर अध्यक्षापाशीच अडले आहे. ज्यांच्या घरात पाणी शिरले त्यांच्यापैकी तीन-चार जणांनी स्वतःच्या नावाने अर्ज केला तरी चालतो. पर्यावरणाचे वाद ऐकणाऱ्या राष्ट्रीय हरित लवादाच्या कायद्यात 'बाधित व्यक्ती' अर्ज करू शकते, संघटनेचा शिक्का असलाच पाहिजे असे नाही. ५८ जणांना अर्जदार करण्याच्या फंदात तर पडूच नका. त्यातल्या एकाचा भाचा त्या ठेकेदाराकडे कामाला असतो, दुसऱ्याला त्याच्याकडून चिरे स्वस्तात मिळालेले असतात, आणि सुनावणीच्या आदल्या दिवशी 'माझी सही फसवून घेतली' असे प्रतिज्ञापत्र येते. मी हे दोनदा पाहिले आहे.

आता पत्रात तुम्ही सहज लिहून गेलात त्या तारखेकडे या. ६ जानेवारी.

राष्ट्रीय हरित लवाद कायदा २०१० चा आहे, आणि गोव्यातली प्रकरणे लवादाच्या पुण्यातल्या खंडपीठापुढे जातात. या कायद्याच्या कलम १४ चे तिसरे उपकलम म्हणते की वादाचे कारण 'प्रथम' उद्भवल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज आला पाहिजे. पुरेसे कारण दाखवले तर लवाद आणखी ६० दिवसांपर्यंत सूट देऊ शकतो. त्यापुढे एक दिवसही देण्याचा अधिकार त्याला नाही, तुमची बाजू कितीही खरी असो. सगळा खेळ त्या 'प्रथम' या शब्दात आहे. तुमच्या हिशेबात वाद जूनमध्ये सुरू झाला, कारण पाणी जूनमध्ये उंबऱ्याच्या आत आले. समोरचा वकील म्हणेल की वाद पहिला ट्रक रिकामा झाला तेव्हाच सुरू झाला.

मांडा हिशेब. ६ जानेवारी धरली तर सहा महिने ६ जुलैला संपले. वरचे ६० दिवस ४ सप्टेंबरला संपतात. मी हे २२ जुलैला लिहिते आहे, म्हणजे हातात ४४ दिवस. तेही पक्के नाहीत, कारण डिसेंबरअखेरचा तो जेसीबी तुम्हीच पत्रात आणला आहे. रान साफ करणे म्हणजे भराव घालणे नव्हे, असे मी लवादापुढे जरूर सांगेन आणि ते पटण्यासारखे आहे. पण कुणी २७ डिसेंबर धरून मोजले तर शेवटची तारीख २६ ऑगस्टवर येते. मार्चची भिंत हे वेगळे कारण आहे, जूनचे पाणी हे नवे कारण आहे, असेही युक्तिवाद करता येतात. काही वेळा ते मान्य होतात, काही वेळा होत नाहीत. वादापुरते ठीक, पण त्यांच्या भरवशावर तारीख चुकवायची नसते. १० ऑगस्टच्या आत अर्ज दाखल झाला पाहिजे असे धरून चाला. 'चवथ झाली की सगळे निवांत बसूया' असे वाड्यावर कुणीतरी म्हणणारच. त्याला या परिच्छेदाचा फोटो पाठवा.

आणि आता त्या निवेदनाबद्दल, ज्याचा तुम्हाला एवढा अभिमान आहे. तुम्ही ते पंचायतीत दिले नाही, सरपंचांच्या घरी दिले. पंचायत सचिवाच्या टेबलावर आवक नोंद होते, तुमच्या प्रतीवर तारखेचा शिक्का बसतो, बाजूला कुणाची तरी वेडीवाकडी सही येते. पाच मिनिटांचे काम. ते झाले नाही, म्हणून पंचायतीला एप्रिलमध्ये कळवले होते हे आज सिद्ध करता येत नाही. उलट त्या निवेदनाचा फोटो वाड्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आहे, आणि त्यात पहिल्याच वाक्यात 'गेल्या जानेवारीपासून' असे लिहिले आहे. म्हणजे हा कागद पंचायतीविरुद्ध पुरावा नाही, तुमच्याविरुद्ध मात्र आहे. 'आम्हाला उशिरा कळले' हा बचाव ५८ सह्यांनिशी तुम्हीच बंद केलात.

सरपंचांच्या 'बघूया'ने मुदत थांबत नाही. आमदारांच्या भेटीने थांबत नाही. ग्रामसभेच्या ठरावानेही नाही. ठराव करून घ्याच, इतिवृत्तात शब्दशः उतरला आहे का हे सही करण्याआधी वाचा, पण त्याला घड्याळ समजू नका. माहिती अधिकाराचा अर्ज उद्याच टाका, दहा रुपयांचे काम आहे. भराव घालायची परवानगी दिली का, कुणी दिली आणि कोणत्या सर्व्हे क्रमांकाला दिली, एवढेच विचारा. उत्तराला ३० दिवस लागतात, आणि उत्तर येईपर्यंत थांबलात तर तुमच्याकडे पंधरवडाही उरत नाही. तेव्हा अर्ज टाका आणि उत्तराची वाट न बघता पुढचे काम करा. उत्तर नंतर जोडता येते.

उशिराची सूट मागणारा अर्ज वेगळा द्यावा लागेल. सहा महिने उलटून गेलेच आहेत. 'बोलणी चालू होती' हे कारण दुबळे आहे. कागद मागितले आणि दिले नाहीत, घरात आजारपण होते, परवानगी आहे असे तोंडी सांगून फसवले, यांतले जे खरे असेल ते तारखांसकट लिहा. खरे नसेल ते लिहू नका. लवादापुढे एक खोटी तारीख सापडली की बाकीच्या खऱ्याही संशयात येतात.

अर्जात काय लिहायचे, यात एक खोच आहे. सखल जमीन बुजवायला मुख्य नगरनियोजकांची लेखी परवानगी लागते, हे गोव्याच्या १९७४ च्या नगर व ग्राम नियोजन कायद्यातले कलम १७-अ तुम्ही कुणाकडून तरी ऐकले असेल. वाड्यावर एक तरी माणूस हे कलम तोंडपाठ म्हणतो. पण तो कायदा लवादाच्या परिशिष्टात, म्हणजे ज्या कायद्यांवरचे वाद लवाद ऐकतो त्या यादीत, नाही. केवळ त्या कलमावर अर्ज उभा केलात तर 'हा आमचा विषय नाही' असे उत्तर येण्याची भीती आहे. परिशिष्टात १९७४ चा जलप्रदूषण कायदा आहे, १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा आहे. म्हणून भर द्यायचा तो फुटक्या लाद्यांवर आणि काँक्रीटवर, कारण पाडकामाच्या कचऱ्याचे नियम १९८६ च्या कायद्याखालचे आहेत. आणि विहिरीच्या वासावर, कारण ओहोळात घाण सोडणे किंवा प्रवाह अडवून प्रदूषण वाढवणे जलप्रदूषण कायद्याच्या कलम २४ मध्ये येते. विहिरींचे पाणी याच आठवड्यात मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासून घ्या. कलम १७-अ ची तक्रार फोंड्याच्या नगरनियोजन कार्यालयात वेगळी द्या. या वेळी शिक्का घेऊन.

समजा १० ऑगस्टही हुकला आणि ४ सप्टेंबरही, तर सगळे संपले का? नाही, पण वाट अरुंद होते. त्याच कायद्याचे कलम १५ नुकसानभरपाई आणि बिघडलेल्या जागेची पूर्वस्थिती यासाठी आहे, आणि त्याला पाच वर्षांची मुदत आहे. भरपाई मागितली तर शुल्क रकमेच्या एक टक्का, कमीत कमी हजार रुपये. नुसत्या मनाई-आदेशाच्या अर्जाला हजार. मी दोन्ही मागण्या एकाच अर्जात घालण्याच्या मताची आहे. लवादाला हे मिश्रण कितपत रुचेल हे मात्र त्या दिवशीच्या पीठावर आहे.

दिवाणी कोर्टाचे विचाराल तर तिथे मुदतीची अडचण कमी. उपद्रव चालू आहे तोवर दाव्याचे कारणही चालू राहते. सार्वजनिक उपद्रवासाठी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ९१ खाली दोन माणसे कोर्टाच्या परवानगीने दावा लावू शकतात. पण समोरचा पहिल्याच तारखेला हरित लवाद कायद्याचे कलम २९ पुढे करील, की हा विषय लवादाचा, दिवाणी कोर्टाने हात लावू नये. या एका आक्षेपाच्या निकालाला किती चतुर्थ्या जातात ते सांगत नाही. माझ्याकडे गटारावर घातलेल्या कुंपणभिंतीचा असाच एक दावा होता. तात्पुरत्या मनाईच्या अर्जावर आदेश येईपर्यंत चार वर्षे गेली. फिर्यादी आजी दर तारखेला पिशवीतून ओल्या भिंतीचे नवे फोटो आणायच्या. शेवटच्या तारखेला त्यांची सून आली, ती मृत्यूचा दाखला घेऊन. आदेश आमच्या बाजूने झाला.

या पावसापुरता उपाय हवा असेल तर उपजिल्हाधिकाऱ्यांकडे जा. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली, म्हणजे जुन्या फौजदारी संहितेचे १३३, सार्वजनिक वाटेतला किंवा पाण्यातला अडथळा काढण्याचा सशर्त आदेश दंडाधिकारी देऊ शकतात. कागदावर हा उपाय झटपट आहे. प्रत्यक्षात तो तिथे कोण बसले आहे यावर ठरतो. पंचायतीकडेही भिंतीपुरता अर्ज द्या. विनापरवाना बांधकामावर पंचायतीने कारवाई केली नाही तर महिन्याभराने पंचायत उपसंचालकांना ते अधिकार हाती घेता येतात, पंचायत राज कायद्याच्या कलम ६६ खाली. तो महिना कळवल्यापासून मोजला जातो, आणि तुमच्याकडे एप्रिलचा शिक्का नाही. म्हणजे तुमचा महिना आता सुरू होईल.

पैशांची चणचण असेल तर फोंड्याच्या न्यायालयातल्या तालुका विधी सेवा समितीकडे चौकशी करा. स्त्रियांना मोफत कायदेशीर मदतीसाठी उत्पन्नाची अट नाही. आणि पाणी शिरले तेव्हा चुलीपाशी कोण होते, हे लक्षात घेतले तर अर्जदार म्हणून वाड्यावरच्या बायकांची नावे घालणेच अधिक योग्य. बाजू त्या अधिक चांगली सांगतील, कितव्या पायरीपर्यंत पाणी आले ते त्यांना पाठ असते.

त्या पायरीवरची खूण अजून दिसत असेल. चिऱ्यावर मातीची तांबूस रेघ राहते, ती चतुर्थीच्या रंगकामाआधी टेप लावून मोजा, टेप दिसेल असा फोटो काढा. जमिनीचा एक-चौदाचा उतारा आणि सर्व्हेचा नकाशा काढून आणा. त्यावर व्हाळ कुठून जातो ते पेन्सिलीने दाखवा, शाईने नको.

राहता राहिला तो ६ जानेवारीचा फोटो, ज्यात ट्रकचा मागचा फाळका उघडा आहे आणि क्रमांक वाचता येतो. तुम्ही मला व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली प्रत पाठवली आहे. तिच्यात मूळ फाइलमधली तारीख-वेळ राहत नाही. मूळ फोटो पुतण्याच्या फोनमध्ये आहे असे तुम्ही ताजाकलममध्ये लिहिता, आणि तो ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात बोटीवर जातो आहे. साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचे प्रमाणपत्र त्याने सही करून दिले पाहिजे, कारण फोन त्याचा आणि फोटो त्यानेच काढलेला. अध्यक्ष नंतर निवडा. पुतण्याला या शनिवारी फोनसकट घेऊन या.