जुन्या बाजारातल्या वस्तूंपासून घरात लावायला खडूने लिहायचे फळे कसे बनवायचे? रंग कुठला वापरायचा?

तुम्ही विचारलंय की जुन्या बाजारातून स्वस्तात आणलेल्या फ्रेमा, ट्रे वगैरेंवर काळा रंग देऊन खडूने लिहिता येईल असे फळे घरी जमतात का, आणि लिहिलेलं पुसलं तरी पांढरट अक्षरं मागे का राहतात.

जमतात की. आमच्या स्वयंपाकघरात एक आहे, त्यावर दुधाचे खाडे, पेपरवाल्याचे पैसे आणि संपलेल्या सामानाची यादी असते, पाहुणे आले की सगळ्यात आधी तेच वाचत बसतात.

खरं काम खरेदीतच ठरतं. पुण्यात असाल तर मंगळवार पेठेतला जुना बाजार, बुधवारी आणि रविवारी भरतो, सकाळी जा, उन्हं चढली की फिरवत नाही. मुंबईत मटण स्ट्रीटचा चोर बाजार आहे पण तिथे अँटिक म्हटलं की भाव वर, आणि आपल्याला फळ्यासाठी अँटिक लागतच नाही. मी शोधते त्या म्हणजे तसबिरींच्या रिकाम्या लाकडी फ्रेमा, वाडे पाडले की येणारी खिडक्यांची झडपं, कपाटाची सुटी दारं, जेवायला बसायचे पाट, लोखंडी ट्रे. लिहायचा भाग सपाट आहे ना ते बघायचं, फूटपट्टी आडवी उभी ठेवून बघा, खालून उजेड दिसला तर ती वस्तू पोक आलेली, खडू नीट चालत नाही त्यावर. लाकडाला बारीक भोकं असतील आणि आपटल्यावर पिठासारखा भुसा पडत असेल तर फुकट दिलं तरी आणू नका, आत कीड असते आणि ती घरातल्या बाकी फर्निचरला लागते. ट्रे घ्यायला जाताना पर्समध्ये एक छोटं चुंबक ठेवा. चिकटलं की घ्या, कारण रंग दिल्यावरही त्यावर चुंबकाने लाइटबिल, रेशनची पावती लावता येते, बऱ्याच स्टीलवर ते जमत नाही.

आणि हो, पितळेची परात किंवा चांगला सागवानी पाट हाती लागला तर त्याला काळं फासू नका प्लीज. हल्ली व्हिडिओंमध्ये जे दिसेल ते काळं करायची फॅशन आहे ती मला अजिबात आवडत नाही. काठावरची नक्षी, जुनं पॉलिश, घासलेले कोपरे यासाठीच तर आपण जुनी वस्तू घेतो, तेव्हा कडेला मास्किंग टेप लावा आणि फक्त मधल्या भागाला रंग द्या. फ्रेम असेल तर काचेवर रंग देण्यापेक्षा काच काढून त्या मापाचा ३ एमएमचा हार्डबोर्ड प्लायवुडच्या दुकानातून कापून आणा, काच गुळगुळीत, त्यावर रंग धरत नाही आणि नखाने सुटा होतो.

जुना रंग असेल तर एक गोष्ट गांभीर्याने घ्या. शिसं विषारी असतं, आणि आपल्याकडे घरगुती रंगात शिशाची मर्यादा ९० पीपीएम (दहा लाखात ९० भाग) ठरवणारा नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला, त्याआधीच्या रंगात शिसं किती असेल सांगता येत नाही. म्हणून कोरडं घासायचं नाही, वॉटर पेपर घ्या, पाणी लावून घासा, मास्क लावा, चिखल कागदात गुंडाळून टाका, लहान मुलं आणि गरोदर बाई असेल तर सरळ बिनरंगाची वस्तू शोधा, ही कटकटच नको.

मग आधी प्रायमर, म्हणजे रंग धरायला खालचा हात: लाकडाला वुड प्रायमर, लोखंडाला रेड ऑक्साइड. वर हार्डवेअरच्या दुकानात ब्लॅकबोर्ड पेंट मिळतो तो. चॉक पेंट वेगळा हं, तो फर्निचरला मॅट लुक द्यायचा रंग आहे, फळ्यासाठी बनवलेला नाही, ऑनलाइन मागवताना हमखास गल्लत होते. काळ्याऐवजी बाटली हिरवा किंवा विटकरी हवा असेल तर घरी बनवा: एक कप मॅट इमल्शनमध्ये (भिंतीला देतात तो बिनचकाकीचा रंग) टाइल्सच्या फटीत भरायचं बिनवाळूचं ग्राउट दोन टेबलस्पून, गुठळ्या मोडेपर्यंत ढवळा, आणि लागेल तेवढंच करा, राहिलं की घट्ट होतं. ब्रशपेक्षा फोमचा छोटा रोलर बरा, पहिला हात आडवा, तो पूर्ण सुकला की दुसरा उभा.

आता तुमची पांढरट अक्षरं. रंग सुकला की लगेच लिहायचा मोह होतो तिथेच घोळ आहे. तीन दिवस हात लावू नका. मग खडू आडवा धरून अख्ख्या फळ्यावर घासा, एकही कोपरा सोडू नका, आणि कोरड्या फडक्याने पुसा. रंगाच्या बारीक खळग्यांत सगळीकडे सारखी भुकटी बसते, नाहीतर पहिली लिहिलेली अक्षरंच त्या खळग्यांत बसतात आणि मग ‘साखर २ किलो’ वर्षभर दिसत राहतं. आधीच असं झालं असेल तर ओल्या फडक्याने पुसा, पूर्ण वाळू द्या आणि हेच आता करा, बराच फरक पडतो. चॉक मार्कर (खडूसारखं दिसणाऱ्या शाईचं पेन) वापरायचा असेल तर आधी मागच्या बाजूला रंग देऊन तिथे टेस्ट करा, घरी केलेल्या रंगात त्याची शाई मुरून बसते.

दिवाळीला वगैरे चित्र काढून बरेच दिवस ठेवायचं असेल तर शाळेत फलकलेखन करणारे सर करतात ते करा, रंगीत खडू साखरेच्या पाण्यात थोडा वेळ बुडवून ओलाच वापरायचा, रंग गडद येतो आणि हात लागला तरी सहज पुसत नाही. पुसताना मात्र ओलं फडकं लागेल, आणि मुंग्या येतात, स्वयंपाकघरातल्या फळ्याला हे नको.

गॅसच्या वर लावू नका, फोडणीचा तेलकट थर बसला की खडू घसरतो. पावसाळ्यात रंगकाम काढूच नका, कोकणात तर नाहीच नाही, सुकता सुकत नाही. झडप जड असतं, दोन बाजूंना भिंतीत प्लग ठोकून स्क्रूवर टांगा, खिळ्यावर नको.