अंग आणि सांधे सतत दुखत असताना चालणं-व्यायाम कसा चालू ठेवायचा?

तुम्ही लिहिलंय की फायब्रोमायल्जियाचं, म्हणजे अंगभर सतत दुखत राहण्याच्या आजाराचं, निदान झालंय, गुडघेही झिजलेत, डॉक्टर ‘चाला’ म्हणतात आणि चाललं की दुसऱ्या दिवशी पलंगावरून उठवत नाही. मी नेरुळला राहते, पन्नाशी उलटली आहे आणि ही दोन्ही दुखणी माझ्याकडेही मुक्कामाला आहेत.

किती चालायचं हे आज कसं वाटतंय यावर ठरवू नका. उद्या सकाळी काय होतं, त्यावर ठरवा. व्यायामानंतर दुखणं थोडं वाढणारच. ते २४ तासांत पहिल्यासारखं झालं तर मात्रा बरोबर आहे. दुसऱ्या दिवशीही तेवढंच ठणकत राहिलं तर बंद न करता निम्म्यावर आणा. आपला घात वाईट दिवस करत नाहीत, चांगले दिवस करतात. अंग जरा हलकं वाटलं की माळा काढायचा, पडदे धुवायचे, वर वाशीला जाऊन बाजारही उरकायचा, आणि मग तीन दिवस आडवं! गणपतीच्या आधीचा आठवडा तर याच कामासाठी असतो. घरचे म्हणणार, ‘काल तर ठणठणीत होतीस.’ म्हणू द्या.

म्हणून दहा मिनिटं ठरली असतील तर चांगल्या दिवशीही दहाच. आठवडाभर निभलं की एक-दोन मिनिटं वाढवायची. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांत आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगितलाय. तो आकडा बघून दडपू नका, काहीच न करण्यापेक्षा थोडं केलेलं बरं, असंही त्यांनीच म्हटलंय.

आणि डॉक्टर उगाच मागे लागत नाहीत. युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या ‘युलार’ या संघटनेने फायब्रोमायल्जियाच्या शिफारशी २०१६ साली सुधारल्या, तेव्हा सगळ्या उपचारांत ठाम शिफारस मिळाली ती फक्त व्यायामाला. गोळ्यांनाही नाही. गुडघ्याचं म्हणाल तर तिथल्या कूर्चेला, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत थराला, स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. दाब पडतो-सुटतो तेव्हा सांध्यातला द्रव आत-बाहेर होतो आणि त्यातून तिचं पोषण होतं. त्यामुळे बसून राहून गुडघा वाचत नाही.

जागा सपाट हवी. मी ज्वेल ऑफ नवी मुंबईला, म्हणजे आमच्या नेरुळच्या तळ्याकाठच्या बागेत जाते. तिथे एकच पथ्य: पाण्याभोवती पूर्ण फेरी मारायच्या भरीला पडायचं नाही. पलीकडे गेल्यावर गुडघा बोलू लागला तर कुठूनही परतलं तरी अंतर तेवढंच! त्यापेक्षा गेटपासून पाच मिनिटं पुढे, तिथूनच मागे. तुम्ही ठाण्याचे, म्हणजे तलावपाळी जवळ असेल. पण संध्याकाळी तिथे गर्दीत एका लयीत चार पावलं टाकता येत नाहीत, सकाळीच जा. पावसाळ्यात सोसायटीचं पार्किंग चालतं. लोक बघतात, त्याची सवय होते.

नुसतं चालून भागत नाही, मांड्यांत जोर हवा. स्वयंपाकघरात भिंतीला टेकवून एक भक्कम खुर्ची ठेवा. कुकरची शिट्टी होईपर्यंत हात न टेकता सावकाश उठा, त्याहून सावकाश बसा. खाली बसताना धपकन बसलात तर निम्मा फायदा गेला. सुरुवातीला खुर्ची बुटकी वाटली तर वर उशी ठेवा. स्टेशनच्या जिन्यावर कठडा धरून चढताना बरा पाय आधी, उतरताना दुखरा आधी.

जवळ तरणतलाव असेल तर सोन्याहून पिवळं. पोहता आलं नाही तरी छातीभर पाण्यात नुसतं चाला. सांध्यांवर निम्म्याहून बरंच कमी वजन येतं. फक्त गार पाण्याने स्नायू आखडतात, तेव्हा थंडीत पहाटेची बॅच नको, ऊन वर आल्यावरची घ्या.

हे सगळं आधीच निदान झालेल्या दुखण्यापुरतं. एखादा सांधा सुजून गरम लागत असेल, किंवा सकाळचा ताठरपणा तासाभरानंतरही सुटत नसेल, तर व्यायाम वाढवत बसू नका. ऱ्हुमॅटॉलॉजिस्टना, म्हणजे संधिवाताच्या डॉक्टरांना दाखवा. तो सुजेचा संधिवात असू शकतो. त्याची औषधं वेगळी असतात आणि ती लवकर सुरू व्हावी लागतात.