ऑगस्टात आंबे कुठले?

प्रश्न : आमचे आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीतनं रिटायर झालेत. दरवर्षी आंब्याची पेटी फोडताना सांगणार, पाकिस्तानचा लष्करशहा झिया उल हक आंब्याच्या पेटीतल्या बॉम्बनं गेला म्हणून. पण तारीख बघितली तर 17 ऑगस्ट 1988! आमच्या खानापुरात मिरगाचा पाऊस पडला की आंब्यात अळी होते, मग ऑगस्टात आंबे कुठले ओ? आणि एवढे बडे लोक एकाच विमानात बसले कसे?
– एक वाचक, खानापूर

उत्तर : आंबे खरंच होते बघा. पाकिस्तानात मुलतान-बहावलपूरकडं चौसा आंबा जुलै-ऑगस्टातच येतो, आपलं कॅलेंडर तिकडं चालत नाही. झिया त्या दिवशी अमेरिकेच्या एब्रॅम्स रणगाड्याची ट्रायल बघायला गेलेले, रणगाड्याचे नेम चुकले ते चुकलेच, मग जेवणंबिवणं उरकून परत निघताना बहावलपूरला त्यांच्या सी-130 या लष्करी विमानात आंब्याच्या पेट्या चढल्या आणि विमान उडालं. पाचएक मिनिटांत नाक वर, नाक खाली असं हेलकावत ते जमिनीत घुसलं. झिया, त्यांच्या तिन्ही दलांच्या समितीचे प्रमुख जनरल अख्तर अब्दुल रहमान, अमेरिकेचे राजदूत आर्नल्ड राफेल, सगळे मिळून 30 जण गेले.

आता बॉम्बचं. विमान खाली आदळेपर्यंत अख्खं होतं, हवेत स्फोट झालाच नाही, म्हणजे आजोबांची गोष्ट तिथंच जरा लंगडी पडते. पाकिस्तानच्या चौकशीत घातपात म्हटलंय, अवशेषांत स्फोटकाचे अंश मिळाले, आणि कॉकपिटमध्ये गॅस सोडून पायलट बेशुद्ध केले असतील असा अंदाज. अमेरिकन तज्ज्ञ म्हणाले शेपटीकडचं कंट्रोल जाम झालं असेल. पायलटांचं पोस्टमॉर्टेम केलं असतं तर गॅसचा निकाल तरी लागला असता की, पण तेच केलं नाही! त्यामुळं ज्याला जे पटतं ते तो सांगतो.

एकत्र बसण्याचं म्हणाल तर आपल्याकडंही तेच झालेलं. 22 नोव्हेंबर 1963 ला पूंछजवळ हेलिकॉप्टर तारांत अडकून पडलं, त्यात दोन लेफ्टनंट जनरल आणि एक एअर व्हाइस मार्शल एकदम गेले, तेव्हापासून बड्या अधिकाऱ्यांनी एकत्र उडायचं नाही असा दंडक आला, आजोबांना विचारा, त्यांना माहीत असणार. झियांच्या वेळी पाकिस्तानी लष्कराचे उपप्रमुख जनरल अस्लम बेग तेवढे दुसऱ्या विमानात होते. त्यांनी वरनं धूर बघितला, एक घिरटी मारली आणि न उतरता थेट राजधानीकडं गेले. लष्करप्रमुख पुढं तेच झाले.