व्हॅल्हाइम या सर्व्हायव्हल कॉम्प्युटर गेममध्ये (जिवंत राहायचं, घर बांधायचं, शत्रूंशी लढायचं) नवीन प्लेयर सारखे मरतात आणि खेळ सोडून देतात. त्यांना शिकवायचं कसं?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा: सर्व्हरवर तुम्ही चौघं जुने, आता तीन नवीन मित्र आलेत. त्यांना तुम्ही लोखंडी चिलखत, तलवार, ढाल सगळं हातात दिलंत. तरी ते ब्लॅक फॉरेस्टमध्ये (खेळातलं घनदाट, धोक्याचं जंगल) दर दहा मिनिटांनी मरतात आणि एकाने तर दोन आठवडे लॉगिनच केलेलं नाही.

घोळ त्या लोखंडी चिलखतापासूनच सुरू झालाय. हा घोळ मी स्वतः करून बसलोय, म्हणून इतक्या ठामपणे सांगतोय.

आमचा ग्रुप घरचाच. मी नाशिकला, मामेभाऊ पुण्यात, दादा-वहिनी जर्मनीत श्टुटगार्टला. शनिवारी आमचे रात्रीचे साडेनऊ वाजतात तेव्हा उन्हाळ्यात त्यांच्याकडे संध्याकाळचे सहा, ती आमची वेळ. वहिनींनी तोवर मोबाइलवरच्या पत्त्यांपलीकडे काही खेळलेलं नव्हतं. पहिल्याच दिवशी मी मोठ्या मनाने पेटी उघडली आणि त्यांना नखशिखांत लोखंडाने मढवलं. वीस मिनिटांनी त्या म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही पुढे पळताय आणि मी मागे मरतेय. यात मी नक्की काय खेळतेय?"

त्यांचं म्हणणं शब्दशः खरं होतं. या खेळात पळणं, उडी मारणं, तलवार, कुऱ्हाड, लाकूडतोड, सगळ्याची कौशल्यं शून्य ते शंभर अशी मोजली जातात आणि वापरल्यानेच वाढतात. जुन्या प्लेयरचं पळणं साठाच्या पुढे गेलेलं असतं, म्हणजे तो खरंच जास्त वेगाने पळतो आणि दमतोही कमी. नवीन माणूस मागे पडणारच. हातातली तलवार तुमच्यासारखीच असली, तरी तलवारीचं कौशल्य शून्यावर असेल तर समोरच्याला मार हलका बसतो आणि स्टॅमिना (दम) जास्त जातो. दुसरं म्हणजे, एखादी वस्तू कशी बनवायची हे ते सामान स्वतः उचलल्याशिवाय यादीत दिसतच नाही. तुम्ही सगळं तयार दिलंत की त्यांची बनवायची यादी रिकामी राहते. मग ते तुमच्याकडेच मागत बसतात आणि तुम्हाला वाटतं, यांना काही शिकायचंच नाही.

उपाय साधा आहे, फक्त जुन्यांना जिवावर येतो. व्हॅल्हाइममध्ये कॅरॅक्टर आणि जग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चौघांपैकी एकाने नवीन कॅरॅक्टर काढायचं, उघडंबोडकं, आणि त्या तिघांबरोबर पहिल्या दगडापासून सुरुवात करायची. एकानेच. बाकीच्या तिघा जुन्यांनी त्या संध्याकाळी आपली खाणकामं करावीत आणि डिस्कॉर्डवर (खेळताना बोलायचं ॲप) तोंड बंद ठेवावं. चार जण एकदम "डावीकडे, अरे डावीकडे, खा, आधी खा" ओरडायला लागले की माणूस शिकत नाही, नुसता घाबरतो.

आता मरण्याबद्दल. मेलं की प्रत्येक कौशल्यातले ५ टक्के जातात. साठावरचा माणूस सत्तावन्नावर येतो, ते दुखतं. पण ज्याचं कौशल्य चारावर आहे त्याचं काय जाणार? सामान थडग्यात सुरक्षित असतं आणि मेल्यावर दहा मिनिटं पुन्हा मेलात तरी कौशल्य आणखी कमी होत नाही. म्हणजे नवीन माणसाचं मरण जवळजवळ फुकट आहे. धास्ती असते ती तुम्हाला, आणि ती तुमच्या आवाजातून त्यांच्यापर्यंत पोचते. वहिनींचा पहिला मृत्यू स्वतःच तोडलेल्या झाडाखाली झाला. मी "अरेरे!" म्हणायच्या ऐवजी दुसऱ्याच मिनिटाला माझ्या अंगावर झाड पाडून घेतलं. (खरं सांगायचं तर ते चुकून झालं, पण मी तसं कबूल केलं नाही.)

खाणं मात्र पहिल्या पाच मिनिटांतच समजावून द्या, कारण दुसरे सर्व्हायव्हल खेळ खेळून आलेले लोक इथे हमखास फसतात. त्यांना वाटतं, भूक लागली की खायचं. इथे भुकेने कोणी मरत नाही. इथे खाणं म्हणजेच निम्मं चिलखत. रिकाम्या पोटी हेल्थ फक्त २५ आणि स्टॅमिना ५०. तीन वेगवेगळे पदार्थ पोटात असले की दोन्ही कुठल्या कुठे जातात. भाजलेलं मांस, रास्पबेरी आणि मशरूम एवढं असलं तरी ब्लॅक फॉरेस्टच्या कडेला माणूस उभा राहू शकतो. तुमचे मित्र लोखंड घालून उपाशीपोटी जंगलात जात असणार, पैज लावतो. जाण्याआधी छपराखाली शेकोटीपाशी थोडं बसवा. त्याने जो 'रेस्टेड' परिणाम मिळतो त्यात कौशल्यं ५० टक्के जास्त वेगाने वाढतात आणि स्टॅमिनाही लवकर भरतो.

खरी शिकवणी ढालीची. बहुतेक नवीन लोक ढाल वर धरून नुसते उभे राहतात. तो झाला ब्लॉक. मार बसायच्या पाव सेकंद आधी ढाल वर केली तर ती पॅरी. समोरचा डगमगतो आणि तेवढ्या वेळात त्याला दुप्पट मार लागतो. एक बघा, नवीन माणूस मोठी दिसते म्हणून टॉवर शील्ड उचलतो, आणि त्या ढालीने पॅरी होतच नाही. साधी लाकडी गोल ढाल द्या, म्हणजे बनवायला लावा. सराव मेडोजमधल्या (सुरुवातीचा सोपा, गवताळ भाग) रानडुकरांवर. ते सरळ अंगावर येतं, त्यामुळे वेळ पकडता येते.

वहिनींना डुकरं जमली, ग्रेड्वार्फ (ब्लॅक फॉरेस्टमधले बुटके शत्रू) काही केल्या जमेना. "मी दाबतेय हो भाऊजी, वेळेवर दाबतेय!" मी आपला शहाणपणा शिकवत होतो, थोडं आधी दाबा, थोडं नंतर दाबा. दोन शनिवार त्यात गेले. मग मामेभावाच्या लक्षात आलं. या खेळात एखाद्या भागात जो प्लेयर आधी पोचतो, त्या भागातल्या प्राण्यांचा हिशोब त्याच्या कॉम्प्युटरवर चालतो. बाकीच्यांना ते इंटरनेटवरून, उशिराने दिसतं. मी 'वाट दाखवायला' नेहमी पुढे असायचो. त्यामुळे ग्रेड्वार्फचा पंजा नाशिकच्या कॉम्प्युटरवर पडून गेलेला असायचा आणि श्टुटगार्टला तो अजून हवेत दिसायचा. वहिनी बरोबर वेळेला दाबत होत्या, फक्त ती वेळ निघून गेलेली असायची.

मी पार बेसवर परत गेलो. वहिनी एकट्या जंगलात शिरल्या आणि मी खूप मागून गेलो. पहिल्याने त्यांना बडवलं, दुसरा चुकला. तिसऱ्याला ढालीवर खण्णकन आवाज आला, तो मागे झोकांडला आणि हेडफोनमध्ये ऐकू आलं, "अगं बाई, बसला की!" दादा स्वयंपाकघरातून काय झालं विचारत आला.

तर तुमच्या तिघांपैकी कोणी लांबच्या देशातून किंवा रडक्या वायफायवरून खेळत असेल, तर त्यांना कोणत्याही भागात आधी जाऊ द्या. तुम्ही मागे राहा. "यांचे रिफ्लेक्स नाहीत" असं जाहीर करण्याआधी हे एकदा करून बघाच.

घराचंही सांगतो, कारण तिथे मी एकदा तरी गप्प राहिलो. वहिनींनी पहिली झोपडी बांधली, आत शेकोटी पेटवली आणि दार लावलं. या खेळात धुराला वाट नसेल तर तो आत साठतो आणि हेल्थ खातो. मला माहीत होतं, पण जीभ चावून बसलो. त्या खोकत बाहेर आल्या, छपराकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "आजोळी चुलीच्या वर धुराडं होतं." मग आढ्याचा एक तुकडा काढला आणि पाऊस आत येऊ नये म्हणून त्यावर उंच दुसरं छोटं छप्पर टाकलं. मी तीन वर्षं भिंतीत भोकं पाडत होतो. आता आमच्या सर्व्हरवर सगळी घरं वहिनींच्या पद्धतीची आहेत.

२०२३ पासून जग बनवताना नियम सैल करता येतात, मरण्याचा दंडही कमी करता येतो. तुमच्या तिघांसाठी मी ते करणार नाही. दंड त्यांना मुळात नाहीच, तो तुमच्यासारख्यांना आहे. धातूंची कच्ची खनिजं साध्या पोर्टलमधून (क्षणात दुसऱ्या ठिकाणी नेणारं दार) नेता येत नाहीत, तो नियम सैल करायचा की नाही हे मात्र त्यांच्या नोकरीवर अवलंबून. ज्याला आठवड्याला दोनच तास मिळतात त्याने ते तांब्याने भरलेला गाडा ढकलण्यात घालवावेत, असं मला वाटत नाही.

आणि तो जो येत नाहीये, त्याला "ये रे, खेळू" असा मेसेज करू नका. त्याची थडगी अजून ब्लॅक फॉरेस्टमध्ये असतील. त्याला सांगा, तुझं सामान आणायला मला तुझी मदत लागणार आहे, माझं कॅरॅक्टर नवीन आहे, अंगावर चिंध्या आहेत. आणि खरंच चिंध्या घालून जा. थडग्यातलं सामान उचललं की साधारण पन्नास सेकंद अंगात बळ येतं, जास्त ओझं उचलता येतं, मारही कमी लागतो. तेवढ्या वेळात त्याने पुढे पळायचं आणि तुम्ही त्याच्या मागे. वाट चुकला तरी सांगू नका.