शिकारी धनुष्य घ्यावे का?

प्रश्न : नेमबाजीच्या सरावासाठी ७० पौंडांचे (दोर ओढायला तेवढा जोर लागणारे) शिकारी कंपाउंड, म्हणजे टोकांना कप्प्या असलेले, धनुष्य घ्यावे का? – एक वाचक, फोंडा

उत्तर : घेऊ नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडे शिकारीला बंदी असल्याने बाण लक्ष्यफलकावरच सोडायचा आहे, आणि आंतरराष्ट्रीय स्पर्धांत कंपाउंडला ६० पौंडांची मर्यादा आहे. पौंडांहून ड्रॉ लेंग्थ, म्हणजे दोर पूर्ण मागे ओढल्यावर धनुष्यापासून दोरापर्यंतचे अंतर, महत्त्वाची. दोन्ही हात आडवे पसरून मधल्या बोटांच्या टोकांमधले अंतर इंचांत मोजावे व त्याला २.५ ने भागावे, म्हणजे साधारण माप मिळते. स्टुलावर बसून, धनुष्य आभाळाकडे न उचलता दोर सरळ मागे येत नसेल, तर ते धनुष्य तुमच्यासाठी जड आहे. दुकानातही बाण लावल्याशिवाय दोर सोडू नये; धनुष्याची पाती (वाकणारे दोन्ही भाग) तडकतात आणि इजाही होते.