आधी मंडळीचं एक वर्ष जगून घे

प्रिय बाळ,

प्रभूमध्ये सलाम आणि पुष्कळ आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. बँकेनं तुला थेट मयिलाडुदुरैला धाडलं हे वाचून आधी काळजी वाटली, मग आनंद झाला. माझं सासर तिथून फार लांब नाही. पोरैयार, म्हणजे थरंगमबाडीच्या अगदी शेजारी. तो सगळा भाग माझ्या पायाखालचा आहे.

तू विचारलंस, उपासना तमिळमधून, ती संपता संपत नाही, एक अक्षर कळत नाही आणि वर्षा-दोन वर्षांत पुन्हा बदली ठरलेली. अशा वेळी या लुथरन मंडळीत मनापासून गुंतावं, की रविवारी एखादी इंग्रजी उपासना गाठून मोकळं व्हावं? त्यातच तरुण संघानं नाताळच्या तयारीला तुझं नाव घातलं आहे. माझं उत्तर सरळ आहे. गुंत. पूर्ण वर्ष गुंत. कळत नाही तोवर थांबलीस तर कधीच कळणार नाही.

तू बसतेस त्या बाकांवर ही गोष्ट कोणाच्या वयानं सुरू झाली, ते ऐक. ९ जुलै १७०६ ला थरंगमबाडीच्या किनाऱ्यावर दोन जर्मन तरुण उतरले, बार्थोलोमेउस झिगेनबाल्ग आणि हाइनरिश प्ल्युट्शाऊ. त्यांना पाठवलं होतं डेन्मार्कचा राजा चौथा फ्रेडरिक यानं. झिगेनबाल्ग तेव्हा जेमतेम चोवीस वर्षांचा, म्हणजे तुझ्याएवढाच. थरंगमबाडी म्हणजेच ट्रांकेबार, हे तेव्हा डॅनिश ठाणं होतं, पण तिथल्या डॅनिश अधिकाऱ्यांनाच हे दोघं नकोसे होते. पुढे झिगेनबाल्गला डान्सबोर्ग किल्ल्यात चार महिने कैदेत काढावे लागले. त्याला तमिळ येत नव्हतं. तो गावातल्या शाळेत लहान मुलांच्या शेजारी जमिनीवर बसला आणि वाळूत बोटानं अक्षरं गिरवायला लागला. पुढच्याच वर्षी पहिला बाप्तिस्मा झाला आणि चर्च उभं राहिलं. त्यानं मुलींसाठीही शाळा काढली. १७१५ पर्यंत नवा करार तमिळमध्ये छापून तयार होता. १७१८ मध्ये न्यू जेरुसलेम चर्चचं समर्पण झालं आणि काही महिन्यांतच, फेब्रुवारी १७१९ मध्ये, तो वारला. वय छत्तीस. त्याच चर्चमध्ये त्याची कबर आहे. सुट्टीच्या दिवशी बसनं जा आणि बघून ये. पाटी वाचून लगेच निघू नकोस, थोडी बस तिथे.

लुथरन असणं म्हणजे काय असं तू विचारलंस, म्हणून हे इतकं सांगितलं. देवाचं वचन माणसाला त्याच्या घरातल्या भाषेत ऐकू यावं आणि त्यानं ते स्वतःच्या तोंडानं गावं, हा मार्टिन लूथरपासून चालत आलेल्या या परंपरेचा गाभा आहे. त्यासाठी आधी कोणीतरी दुसऱ्याच्या भाषेत मूल होऊन बसावं लागतं. आता ती पाळी तुझी आहे.

आणि तू तिथे अगदीच परकी नाहीस. झिगेनबाल्ग उतरला तेव्हा तंजावरच्या गादीवर शहाजी भोसले होता, व्यंकोजीराजांचा मुलगा, म्हणजे शिवाजी महाराजांचा पुतण्या. ट्रांकेबारची जमीनही मूळ तंजावर दरबाराकडूनच डॅनिशांना मिळालेली, नायकांच्या काळात. पुढे श्वार्ट्झ नावाचा लुथरन मिशनरी आला आणि आयुष्यभर इथेच राहिला. तुळजाजी राजानं मरताना आपला दत्तक मुलगा सरफोजी याच श्वार्ट्झच्या हवाली केला. गादीवरून तंटे झाले, त्या काळात श्वार्ट्झनं या मुलाला सांभाळलं, त्याचं शिक्षण केलं. तंजावरला शिवगंगा बागेजवळच्या चर्चमध्ये संगमरवरी शिल्प आहे, जॉन फ्लॅक्समननं घडवलेलं. मरणशय्येवर श्वार्ट्झ आणि त्याचा हात धरून उभा असलेला मराठी राजा. सरफोजी शेवटपर्यंत हिंदूच राहिला. बृहदीश्वराच्या मोठ्या देवळाच्या भिंतीवर भोसले कुळाचा इतिहास मराठीत कोरून घेणारा तोच, आणि गुरूच्या थडग्यासाठी इंग्रजीत ओळी रचणाराही तोच. धर्म न बदलता, कोणाला बदलायला न लावता इतकी माया करता येते, हे त्या शिल्पासमोर उभं राहिलं की कळतं. तंजावरला गेलीस तर मोठं देऊळ आणि हे चर्च एकाच दिवशी बघ.

आता सणांबद्दल. तुमच्या तरुण संघाला नाताळची घाई झाली असणार. सगळीकडे होते. तू मात्र आगमनकाळाचे, म्हणजे नाताळआधीचे, चार रविवार नीट पाळायला शीक. तिथे हा काळ पावसात येतो, आपल्याकडच्यासारखा कोरड्या थंडीत नाही. ऑक्टोबर ते डिसेंबर हा कावेरीच्या त्या पट्ट्यातला खरा पावसाळा. वादळाची सूचना निघते, शेतात पाणी साचतं, आणि लोक कागदी चांदण्यांवर प्लास्टिकची पिशवी बांधून त्या दारात लावतात. वेदीवर जांभळं कापड येतं. ते बदलण्याचं काम शनिवारी बायका करतात. तुला जायला सांगते ते तिथेच. भाषण कर, सूत्रसंचालन कर, असं कोणी म्हटलं तर हात जोड. शनिवारी संध्याकाळी कापडाला इस्त्री करायला जा. जांभळं कधी, पांढरं कधी, पेंटेकॉस्टला लाल का, त्रैक्य रविवारनंतर महिनोन्महिने हिरवं का, हे एकेक कापड उलगडताना बायका तुला सांगतील. तुझी तमिळ तिथेच सुरू होईल, कारण इस्त्री, घडी, चुणी, डाग या शब्दांना व्याकरण लागत नाही.

रात्री घरोघर गाणी म्हणत फिरायला जातात, त्यात सामील हो. पण २६ डिसेंबरला खेळ किंवा स्नेहसंमेलन ठेवू देऊ नकोस. २००४ च्या त्सुनामीत थरंगमबाडीच्या कोळीवाड्यातली पुष्कळ माणसं गेली. तो नाताळनंतरचा रविवार होता. तरुण मुलांना ती तारीख आठवत नसेल, किनाऱ्यावरच्या घरांना आठवते. त्या दिवशी प्रार्थना ठेवा आणि ज्यांचं कोणी गेलं त्यांच्या घरी जाऊन या.

३१ डिसेंबरची मध्यरात्रीची उपासना चुकवू नकोस. शेवटी प्रत्येकाच्या हातात वचनाचं कार्ड येतं, नव्या वर्षासाठी. लोक ते पाकिटात, देव्हाऱ्यासारख्या कोनाड्यात, गाडीच्या काचेवर वर्षभर जपतात. तुझं कार्ड तमिळमध्येच असेल. त्यावरच अक्षरं लाव. रोज एक ओळ.

ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात तिथल्या पुष्कळ घरांत बायका केसांत फुलं माळत नाहीत. तमिळ बाईनं फूल न माळणं म्हणजे काय, हे तिथे राहिल्यावरच समजतं. झावळ्यांच्या रविवारी मुलं कोवळ्या पातीचे क्रूस विणतात, तेही शिकून घे. उत्तम शुक्रवारी दुपारी बारा ते तीन, क्रुसावरच्या सात वचनांवर सात जण बोलतात. लांबतं, उकडतं, तरी बस. मग ईस्टरला अंधार असतानाच उपासना सुरू होते आणि सगळं चर्च मोगऱ्याच्या वासानं भरलेलं असतं. त्या एका पहाटेसाठी ते चाळीस दिवस.

माझा सगळ्यांत जीव आहे तो कापणीच्या सणावर. भाताचा प्रदेश आहे तो, तिथे हा सण नुसता नावाला होत नाही. लोक घरचं जे काही आहे ते घेऊन येतात. केळीचा घड, नारळ, भोपळा, तांदळाची पिशवी, पाय बांधलेली कोंबडी. उपासना झाली की अंगणात लिलाव. पोरैयारला मी पाहिलेला लिलाव सांगते. एका म्हातारीनं पदरात पाच अंडी आणली होती. लिलाव पुकारणाऱ्यानं ती दोन्ही हातांत धरून उंच केली आणि किराणावाल्यानं बोली लावली. समोरून शाळेच्या मास्तरांनी वाढवली. बोली शंभरावर गेली. शेवटी किराणावाल्यानं घेतली, पैसे मोजले, आणि अंडी परत टेबलावर ठेवली, ‘पुन्हा पुकारा’. तीच अंडी तीनदा विकली गेली. त्या दिवशी जमीनदाराच्या तांदळापेक्षा म्हातारीच्या अंड्यांचे पैसे जास्त आले आणि ती पहिल्या बाकावर ताठ बसून होती. दानार्पणाचा अर्थ मला कोणत्याच प्रवचनातून इतका समजला नाही. या सणात पावत्या लिहायचं काम माग. बँकेतली पोरगी म्हटल्यावर देतीलच. सगळ्या मंडळीची नावं तुला एका दिवसात पाठ होतील.

गाण्यांबद्दल थोडं. त्या मंडळीत दोन प्रकारची गाणी आहेत आणि दोन्ही हवीत. ज्ञानप्पाट्टु म्हणजे जर्मन चालींवरची जुनी भक्तिगीतं. त्यातली कितीतरी फाब्रिसियस नावाच्या जर्मन मिशनऱ्यानं अठराव्या शतकात तमिळमध्ये आणली. आणि कीर्तनै, कर्नाटक रागांतली, अस्सल तिथल्या मातीतली. त्या परंपरेतलं सर्वांत मोठं नाव वेदनायगम शास्त्री, श्वार्ट्झच्या हाताखाली वाढलेले, सरफोजीच्या तंजावरात राहिलेले. तरुण मुलांना ज्ञानप्पाट्टु कंटाळवाणी वाटतात, गिटारवरची गाणी हवी असतात. त्यांच्याशी वाद घालू नकोस. तू जुनं पुस्तक हातात धरून मोठ्यानं गा. बाहेरगावची मुलगी अडखळत गाते म्हटल्यावर शेजारची आजी बोट ठेवून ओळ दाखवेल, आणि पोरंही बघतील.

एक गोष्ट कटू आहे, पण ती लपवून तुला वारसा सांगणं मला पटणार नाही. या मंडळ्यांत पहिल्यापासून जात होती. वेगवेगळ्या जातींची माणसं चर्चमध्येही वेगळी बसत. राजनायक्कन नावाचा एक माणूस, तंजावरच्या मराठी राजाच्या फौजेतला, तमिळ नवा करार वाचून लुथरन झाला आणि त्यानं गावोगाव वचन सांगितलं, मार खाल्ला. १७३३ मध्ये आरोन हा पहिला भारतीय लुथरन पाळक, म्हणजे पास्टर, झाला. पुढे राजनायक्कनचंही नाव निघालं, पण तो परैयर, म्हणजे अस्पृश्य मानलेल्या जातीतला. वरच्या जातींची माणसं त्याच्या हातून प्रभुभोजन घेणार नाहीत या भीतीनं त्याला पाळकपद दिलं नाही. वेदनायगम शास्त्रींसारख्या थोर कवीनंही मंडळीतला जातीचा रिवाज राखण्याच्या बाजूनं लिहिलं. त्यांची गाणी मी डोळे मिटून गाते, आणि ही गोष्टही तितकीच लक्षात ठेवते. आपल्या नगरकडच्या मंडळ्यांनाही हे दुखणं अनोळखी नाही, तुझ्या आजीला विचार. तू तिथे पाहुणी आहेस, म्हणून पहिल्याच महिन्यात न्याय करायला उभी राहू नकोस. पण कोण कोणाच्या घरी जेवतं याकडे लक्ष ठेव, आणि ज्यांच्याकडे कोणी जात नाही त्यांच्याकडे आवर्जून जेव. हे बोलून दाखवायची गरज नाही.

पंच कमिटीची भांडणं, निवडणुका, कोर्टकचेऱ्या यांत अजिबात पडू नकोस. सहीसुद्धा करू नकोस.

आणखी एक काम तुझ्यासारखीनं करावं असं वाटतं. ३१ ऑक्टोबरला धर्मसुधारणा दिन होतो, ९ जुलैला किनाऱ्यावर आगमनाचं स्मरण होतं. दोन्हीकडे लूथरच्या १५१७ ची आणि झिगेनबाल्गच्या १७०६ ची भाषणं होतात आणि लोक घरी जातात. मधल्या माणसांचं कोणी बोलत नाही. घंटा वाजवणारा, शब्बाथ शाळेच्या बाई, रात्री दवाखान्यात सोबत करणाऱ्या महिला मंडळाच्या बायका. तमिळ थोडी जमायला लागली की तरुण संघातल्या दोघातिघांना घेऊन म्हाताऱ्या माणसांकडे बस आणि त्यांच्या आठवणी फोनवर टिपून घे. ट्रांकेबारच्या पहिल्या मिशनऱ्यांची पत्रं जर्मनीत हाले इथे तीनशे वर्षं जपून ठेवली आहेत. तुमच्या घंटा वाजवणाऱ्याचं कोणी काही लिहून ठेवलेलं नसणार.

नाताळच्या कार्यक्रमात मराठी गाणं म्हणू का, असं तू शेवटी विचारलंस. जरूर म्हण. आधी पाळकांना भेट, कुठल्या दिवशी बसतं ते विचार. एकच म्हण, लहानसं, आणि दुसरं कडवं तरुण संघाकडून म्हणवून घे. मराठी अक्षरं तमिळ लिपीत लिहून द्यायला तुझ्याच बँकेत कोणीतरी मिळेल. उपासनेआधी दारात सगळ्यांना ‘स्तोत्रम’ म्हण, आपल्या ‘सलाम’च्या जागी तिथे तेच चालतं. पोरैयारला माझ्या नणंदेकडे तुझा निरोप पाठवला आहे. आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी दुपारी ती जेवायला वाट बघेल. मासे खातेस ना, ते मात्र तिला आधी कळव.

तुझी,
मावशी